पंधरा टक्के

नाकाला चिमटा लावते ओडेसा,
पुठ्ठ्याची नळी ओठांत देते,
म्हणते, "भरून घ्या... अजून... अजून...
आता सोडा! सोडा, सोडा, सोडा,
तळ खरवडून काढा—"

क्लिओफस टॅरंट, वय एकसष्ट,
मोबील बंदराच्या गोदीत तेहेतीस वर्षं
जहाजांच्या पोटात शिरून
वाफेच्या नळांना ॲस्बेस्टॉसची गोधडी शिवणारा.
(घरी परतला की बायको म्हणायची, बर्फातून आलास का?
अलाबामात बर्फ कुठला.)
तो फुंकतो.
मानेच्या शिरा दोरासारख्या.
कागदावर एक टेकडी उमटते, ठेंगणी,
चढायच्या आधीच उतरणीला लागलेली.

दोन पूर्णांक आठ लिटर.
वय, उंची बघता हवे होते चार.

पण यंत्राने आधीच विचारलंय: वंश?
आणि ओडेसाचं बोट न बघता गेलंय त्या कळीवर,
एकोणीस वर्षांच्या सवयीचं बोट,
टॅरंटच्याच रंगाचं.
मग यंत्र चारातले पंधरा टक्के
मुकाट काढून ठेवतं बाजूला,
वाण्याने दांडी मारावी तसं.
आवाज नाही, घाम नाही.
तुमच्याकडून आमची तेवढीच अपेक्षा होती.
सत्तराचे होतात ब्याऐंशी.
ऐंशीच्या वर निरोगी.
निरोगी माणसाला भरपाई कसली?

हे पंधरा आले कुठून?

कापसाच्या मळ्यावर एक डॉक्टर होता.
त्याने गुलामांचा दम मोजला
आणि लिहिलं, यांची फुप्फुसं मुळातच उणी;
उन्हात राबवलं तरच रक्त खेळतं,
मोकळं सोडलं तर बिचारे सुस्तावतील.
म्हणजे साखळी हे औषध.
मालक खूश. बिल चुकतं झालं असणार.
पुढे युद्ध झालं, साखळ्या तुटल्या,
फौजेच्या टेपा आणि नळ्या आल्या.
काळ्या शिपायांना रांगेत उभं करून फुंकायला लावलं.
काल जेवलात का, कुणी विचारलं नाही.
तंबूत किती जण, कोण खोकतंय,
लहानपणी कुठल्या धुरात झोपलात,
याला रकाना नव्हता.
रंगाला होता.
एका पुस्तकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून कोष्टकात,
सांगोवांगी हिंडत आकडा म्हातारा झाला,
आणि म्हाताऱ्याला कोण विचारतं, तुझा बाप कोण?
कोष्टकाची झाली कळ.
मापातलं पाप
आता कुणाच्याच हातचं नव्हतं.

टॅरंटकडे एक कुत्री आहे, बिस्किट नावाची.
पूर्वी तो ओढ्याच्या अलीकडून शीळ घालायचा,
ती पलीकडच्या झाडीतून यायची सुसाट.
आता शीळ पाण्याच्या मध्यावर विरते.
बिस्किट फारशी लांब जातच नाही हल्ली.
तिला टक्के कळत नाहीत.

त्या संध्याकाळी दवाखाना रिकामा झाल्यावर
ओडेसाने दाराला कडी लावली,
नवी नळी घेतली, स्वतःच्या नाकाला चिमटा.
एकदा फुंकली, आहे ती म्हणून.
यंत्र म्हणालं, उत्तम.
मग पुन्हा तोच श्वास, तीच उंची,
फक्त कळ बदलून, गोरी म्हणून.
यंत्र म्हणालं, डॉक्टरांना दाखवा.

दोन्ही कागद तिने शेजारी ठेवले.
टेकड्या एकीवर एक ठेवून दिव्यासमोर धरल्या,
केसाचाही फरक नाही.
एकोणीस वर्षं. रोज बारा-तेरा माणसं.
तिने गुणाकार करायला घेतला
आणि अर्ध्यावर पेन्सिल खाली ठेवली.

सकाळी टॅरंटची फाइल पुन्हा वर.
वय भरलं. उंची भरली.
तिसऱ्या रकान्यापाशी बोट वर उचललेलं,
तसंच राहिलं.
उत्तर दिल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नाही.
काचेवर हिरवी रेघ उघडझाप करते,
विचारते, विचारते.

बाहेर बाकावर कुणीतरी खोकतंय,
एक हात छातीवर,
दुसऱ्यात आपल्या नंबराची चिठ्ठी.